तुमची विहीर, तुमचा शोषखड्डा आणि खालची खाडी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रत्नागिरी जिल्ह्यात विहिरी उपसून साफ करणं, संडासाच्या टाक्या आणि त्यांतून बाहेर येणारं पाणी मुरवणारे शोषखड्डे बांधणं, पाण्याचे नमुने घेऊन तपासणीला पाठवणं हे आमचं काम. येणारे बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन येतात: "फिल्टर कुठला बसवू?" हे पत्रक त्या प्रश्नाच्या आधी वाचायचं आहे. पाणी कुठे आणि कशाने बिघडतं, आणि बिघडलेलं पाणी पुढे कुठे जातं, हे कळलं की फिल्टरचा निर्णय सोपा होतो. बऱ्याच घरांना मग त्याची गरजही उरत नाही.

टाकी कधीच भरत नाही?

कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास आणि अनेक ठिकाणी त्याहून जास्त पाऊस पडतो. तरी एप्रिल-मेमध्ये वाडीवाडीत पाण्याची ओरड असतेच. याचं मोठं कारण पायाखालचा जांभा. हा दगड म्हणजे चाळण. त्याच्या भोकांतून आणि भेगांतून पाणी झटकन मुरतं आणि तितक्याच झटकन उताराने निघून जातं. मातीतून पाणी सावकाश झिरपलं तर जंतू कणांना चिकटून राहतात, तिथेच मरतात. जांभ्यातून जाताना पाण्याला तेवढा वेळच मिळत नाही. वरून जे ओताल, ते फारसं न बदलता खाली पोचतं.

आता आपले संडास पाहा. "आमची टाकी बांधल्यापासून एकदाही उपसावी लागली नाही," असं पुष्कळ जण कौतुकाने सांगतात. असं कोणी म्हणालं की आम्ही आधी विहीर कुठे आहे ते विचारतो. नीट बांधलेली टाकी तळाला आणि बाजूंना पक्की असते. मैला तिच्यात खाली बसतो, थोडा कुजतो, उरलेला गाळ साचत जातो आणि साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. जी टाकी कधी भरत नाही, तिला बहुधा तळच नसतो, किंवा तळाला तडा गेलेला असतो. जुन्या घरांत तर गिलावा न केलेल्या चिऱ्यांचा नुसता खड्डा असतो. त्यातलं सगळं जांभ्यात जातं आणि उताराच्या दिशेने चालायला लागतं. आपल्याकडे घर वरच्या अंगाला आणि विहीर खालच्या आगरात असते, हे वेगळं सांगायला नको.

शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब असावा, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या मते कातळावर तेवढ्यावर समाधान मानू नये. अंतर आणखी वाढवता आलं तर वाढवावं, आणि काहीही झालं तरी खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नसावा. जागा अपुरी असेल तर खड्ड्याऐवजी टाकीचं पाणी उथळ चरांतून केळी-माडांच्या मुळांशी सोडता येतं. चराला दीड-दोन फूट चांगली माती हवी. गाळण्याचं काम ती माती करते.

वर्षातले दोन काळ जोखमीचे. जून-जुलैमध्ये जमिनीतलं पाणी वर चढतं, कधी शोषखड्ड्याच्या तळाच्याही वर येतं, तेव्हा खड्डा आणि विहीर आतून जोडल्यासारखे होतात. पहिल्या सरींबरोबर उन्हाळाभर साठलेली घाणही एकदम खाली उतरते. दुसरा काळ मे महिना. चाकरमानी आलेले, घर भरलेलं, पंप दिवसभर चालू. विहिरीतली पातळी खाली गेली की चारही बाजूंचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं, शोषखड्ड्याच्या बाजूचंसुद्धा.

पाणी दिसतं कसं यावर जाऊ नका

मैल्यातून येणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पाण्याला वासही येत नाही. हगवण, कावीळ, विषमज्वर हे रोग अगदी नितळ पाण्यातून होतात. साधी तपासणी करायची तर एचटूएसची बाटली मिळते. रेघेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि घरातल्या उबदार जागी ठेवून द्यायची. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडलं, तर त्यात मैल्याशी संबंधित जंतू असण्याची दाट शक्यता आहे. आम्ही ही बाटली घरातल्या सगळ्यांसमोर भरतो आणि त्यांच्याच फडताळात ठेवून येतो. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या विहिरीचं पाणी शाईसारखं काळं झालेलं पाहिल्यावर शोषखड्ड्याबद्दल आम्हाला फार बोलावं लागत नाही. पक्का निकाल मात्र प्रयोगशाळेचाच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये.

मैल्याबरोबर आणखी एक गोष्ट येते, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ती म्हणजे नायट्रेट. मलमूत्रातल्या आणि शेणातल्या नत्राचं जमिनीत नायट्रेट होतं. विहिरीजवळची गायरी (शेणखताचा खड्डा), गोठ्याचं धुवण आणि आगरात टाकलेला युरिया ही त्याची बाकीची उगमस्थानं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि यात मानक कसलीही सवलत देत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जास्त नायट्रेटच्या पाण्यात दूध पावडर कालवून दिली, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडू शकतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. घरात तान्हं बाळ असेल तर ही तपासणी टाळू नका, एवढं आम्ही कळकळीने सांगतो.

टीडीएस मीटर घेऊन दारात येणाऱ्यांबद्दल

विक्रेता एक छोटं मीटर पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवतो. हे मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, बाकी काही नाही. जंतू त्याला दिसत नाहीत, कीटकनाशकही दिसत नाही. कधी दोन सळ्यांचं यंत्र पाण्यात घालून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी गढूळ होतं. तो रंग विहिरीतला नसतो, सळीचं लोखंड सुटून आलेला असतो. हाच प्रयोग पावसाच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून केला तरी पाणी तसंच होईल.

समुद्रापासून आत असलेल्या जांभ्यातल्या विहिरींचा टीडीएस बहुतेक वेळा मुळात कमी असतो. अशा पाण्याला आरओची गरज नसते, आणि आरओ पुष्कळ पाणी मोरीत सोडून देतो. टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओ वापरू देऊ नये, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. आम्हीही आरओ विकतो, पण तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय देत नाही.

किनाऱ्यालगतच्या घरांसाठी: खारं पाणी

समुद्राकाठच्या आणि खाडीकाठच्या वाड्यांत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं पाणी हलकं, म्हणून वर. भूजलशास्त्राचा ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर टिकतो. उपसा करून वरची पातळी थोडी जरी उतरवली, तरी खालचं खारं पाणी त्याच्या कित्येक पटीने वर चढतं.

म्हणून मे महिन्यात विहिरीला पाणी कमी पडलं की ती खोल करायची किंवा शेजारी बोअर मारायची, हा किनाऱ्यावर सगळ्यांत घातक उपाय. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. शंभर लिटर विहिरीच्या पाण्यात त्याचे दोन लिटर मिसळले, तरी ते ३८० च्या आसपास जातं, आणि मानकाची इष्ट मर्यादा २५० आहे. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. पर्यटकांच्या गर्दीत मोठा पंप सलग चालवण्यापेक्षा लहान पंप थांबून थांबून चालवा, वर साठवणीची टाकी ठेवा, आणि पावसाळ्यात कौलांवरचं पाणी विहिरीच्या आजूबाजूला मुरवा. एकदा खारी झालेली विहीर एका पावसाळ्यात गोडी होईलच असं नाही. पोफळींनाही ते पाणी सोसत नाही, माड त्यामानाने जास्त तग धरतात.

बागायतदार आणि कारखानदार

हापूसला मोहोर आल्यापासून फवारण्या सुरू होतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारक असतात. फवारणी पंप वहाळात धुतला, की त्या कोंडीतले मासे, खेकडे आणि पाण्यातले किडे जातात. हे किडे बेडकांचं आणि माशांचं खाद्य, म्हणजे नुकसान तिथेच थांबत नाही. पंप बागेतच धुवा आणि ते पाणी कलमांखालीच पसरा. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळा, विसळलेलं पाणी पंपातच घाला. कल्टार (मोहोर यावा म्हणून वापरायचं वाढनियंत्रक) पावसाळ्यात कलमांच्या मुळाशी देतात. ते मातीत महिनोन्महिने टिकतं, म्हणून विहिरीलगतच्या कलमांना ते देऊच नये, असं आमचं मत आहे.

आमरस आणि मासळी प्रक्रियेचं सांडपाणी सहसा विषारी नसतं, पण पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. साखर, रस, रक्त, चरबी कुजवताना जंतू प्राणवायू वापरतात. ही भूक बीओडीत मोजतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो, फळप्रक्रियेचा त्याच्या कित्येक पट. आपल्या उबदार पाण्यात, ३० अंशांना, जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, आणि तो चार-पाचच्या खाली गेला की बहुतेक मासे धापा टाकू लागतात. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढताना दिसले, तर ते गुदमरत आहेत असं समजा. जल कायदा १९७४ पासून आहे, आणि वहाळात किंवा विहिरीत प्रदूषक सोडण्याला त्यात बंदी आहे. तुमचा कारखाना लहान असला तरी कायदा लागू होतो.

चिरेखाणींबद्दल एक गोष्ट. काम संपलेल्या खाणीत वाडीचा कचरा टाकायची पद्धत पडली आहे. चिरे काढून उघड्या पडलेल्या जांभ्यात कचरा टाकणं म्हणजे त्याचा काळा रस थेट भूजलात सोडणं. ग्रामपंचायतीत हा विषय निघाला तर कृपया विरोध करा.

मोठे उद्योग आणि आपण

लोटे परशुराम, महाड, रोहा इथे रासायनिक उद्योगांच्या वसाहती आहेत, आणि त्यांचं सांडपाणी शेवटी दाभोळ खाडी, सावित्री, कुंडलिका इकडेच येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांत महाराष्ट्राचे ५३, सगळ्या राज्यांत जास्त. खाडीत मेलेली मासळी तरंगल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. भोई-कोळ्यांचं यात थेट नुकसान होतं. तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले जंतू आणि जड धातू त्यांच्या अंगात साठतात. शिजवल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. यावर दाद मागायचा आपल्याला हक्क आहे आणि ती मागितलीच पाहिजे. पण कारखान्याकडे बोट दाखवून घरामागचा खड्डा तसाच ठेवू नये. तुमच्या विहिरीत ई-कोलाय सापडला, तर तो माणसांच्या किंवा जनावरांच्या मैल्यातूनच आलेला असतो, आणि तो बंद करणं तुमच्या हातात आहे.

टीसीएल किती घालायची

विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली फुटांत मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले २२, एवढे लिटर पाणी. दहा फूट व्यास आणि सहा फूट पाणी असेल तर सुमारे १३,२०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे इथे ३३ ग्रॅम. गढूळ पाण्याला दुप्पट. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवा. संध्याकाळी घाला, सकाळी पाणी भरा. टीसीएल कोरडी आणि बंद डब्यात ठेवा. आपल्या दमट हवेत उघडी पिशवी थोड्याच दिवसांत निकामी होते. औषध घातल्यावर तासाभराने ओटी तपासणीत (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी तपासणी) फिकट पिवळा रंग आला पाहिजे.

पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल, जसं जुलै २०२१ मध्ये चिपळूणला झालं, तर नुसत्या टीसीएलने भागत नाही. विहीर उपसा, गाळ काढा, कठडा धुवा, मग औषध घाला. गाळ काढणाऱ्याने गमबूट आणि हातमोजे घालावेत, कारण उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या साध्या जखमेतूनही शिरतो.

नमुना कसा आणायचा

वर्षातून दोनदा तपासणी पुरते: मेअखेर एकदा, आणि पाऊस लागून पंधरा दिवस झाल्यावर एकदा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली आमच्याकडून न्या. ती विसळू नका, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी सकाळी पोचवा. क्षार आणि नायट्रेटसाठी स्वच्छ बाटलीत दोन लिटर पाणी पुरे. बाटलीवर विहिरीपासून शोषखड्डा, गायरी आणि खाडी किती अंतरावर आहेत ते लिहा. अहवाल आला की आम्ही तो तुमच्यासमोर बसून वाचतो आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची ते सांगतो. गावात जलजीवन मिशनखाली प्रशिक्षण घेतलेल्या महिला आणि त्यांच्याकडे तपासणी संच असेल, तर प्राथमिक तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्या. त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.