सामायिक मास स्पेक्ट्रोमेट्री प्रयोगशाळा

विद्यापीठातील अनेक विभागांनी मिळून वापरायची, मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचे वस्तुमान मोजून ते ओळखणारी यंत्रे) आणि ते चालवणारे तज्ज्ञ एका छताखाली असलेली प्रयोगशाळा. रक्त, लघवी यांसारख्या नमुन्यांतील बायोमार्कर, म्हणजे आजाराची किंवा औषधाच्या परिणामाची खूण ठरणारे रेणू, शोधणे व मोजणे हे तिचे एक मुख्य काम. यंत्रांच्या किमती कोटींत असतात. शिवाय आतला निर्वात टिकवण्यासाठी ती रात्रंदिवस चालू ठेवावी लागतात. एकट्या संशोधकाला हा खर्च पेलत नाही. भारतात विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘सैफ’ योजनेतील केंद्रे शुल्क घेऊन बाहेरच्यांचेही नमुने तपासतात. आयआयटी मुंबईत असे केंद्र आहे.

कोणता रेणू मोजायचा हे ठरलेले असेल तर ट्रिपल क्वाड्रुपोल, नवा शोधायचा असेल तर ऑर्बिट्रॅप किंवा टाइम-ऑफ-फ्लाइट या प्रकारचे मास स्पेक्ट्रोमीटर वापरतात. मात्र निकालाचे बरेचसे भवितव्य नमुना यंत्रापर्यंत येण्याआधीच ठरलेले असते.

एक मायक्रोलिटर प्लाझ्मात (रक्तातील पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात) साधारण ६० ते ८० मायक्रोग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक एकट्या अल्ब्युमिन या प्रथिनाची. ते आधी काढले नाही तर विरळ प्रथिने त्याच्याआड लपतात. मग डीटीटी या रसायनाने प्रथिनांतील डायसल्फाइड बंध तोडायचे (५६ अंश सेल्सिअस, अर्धा तास), ते पुन्हा जुळू नयेत म्हणून आयोडोअॅसिटामाइड घालून अर्धा तास अंधारात ठेवायचे आणि ५० भाग प्रथिनांना १ भाग ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनांचे तुकडे करणारे विकर, घालून ३७ अंशांवर रात्रभर पचन होऊ द्यायचे. द्रावणात यूरिया असेल तर ५६ अंशांचा विचारच नको: गरम यूरियामुळे लायसीन या अमिनो आम्लावर कार्बामाइल गट चिकटतो आणि पेप्टाइडचे (प्रथिनाच्या तुकड्याचे) वस्तुमान ४३ डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) वाढते. शेवटी फॉर्मिक आम्लाने पचन थांबवून सी-१८ स्तंभातून (पेप्टाइड धरून ठेवणारा भराव असलेल्या नळीतून) क्षार धुऊन काढतात.

डिटर्जंट हा इथला सर्वात महागडा निष्काळजीपणा. ट्रायटॉन हा डिटर्जंट राहिलेला एक नमुना स्तंभ खराब करतो आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्यांचे काम अडवतो. वर्णपटात (यंत्राने काढलेल्या वस्तुमानांच्या आलेखात) ४४ डाल्टनच्या अंतराने ओळीने शिखरे दिसू लागली की तेच समजावे. हातमोज्यांशिवाय काम केले किंवा लोकरी स्वेटर घातला की त्वचेतले किंवा लोकरीतले केरॅटिन हे प्रथिन नमुन्यात उतरते. नळीत रक्तपेशी फुटल्या तर हिमोग्लोबिन वाढते आणि तेच ‘बायोमार्कर’ म्हणून मिरवते. प्लाझ्मा ताबडतोब वेगळा करून छोट्या भागांत उणे ८० अंशांवर ठेवावा. वारंवार वितळवून गोठवू नये.

आधी सगळे रुग्ण, मग सगळे निरोगी असा क्रम लावला तर यंत्राची संवेदनशीलता हळूहळू घटल्याचा फरकही आजाराचा वाटतो. म्हणून क्रम सरमिसळ करतात, मधूनमधून कोरा नमुना आणि सर्व नमुन्यांचे थोडेथोडे मिश्रण चालवतात. मिश्रणातील मोजमाप डगमगू लागले की रांग थांबवून आयन स्रोत (नमुन्यातील रेणूंना विद्युतभार देणारा यंत्राचा भाग) साफ करावा लागतो.

सापडलेले उमेदवार नंतर वेगळ्या रुग्णगटात, जड समस्थानिके (त्याच मूलद्रव्यांचे जास्त वस्तुमानाचे अणू) असलेले पेप्टाइड ज्ञात प्रमाणात मिसळून, ट्रिपल क्वाड्रुपोलवर मोजतात. बहुतेक उमेदवार इथेच गळतात.