रक्तवाढीची गोळी आली कुठून आणि फळीवरच का राहिली

मागच्या पावसाळ्यात आशाताईंबरोबर शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले होते. एका घरात चुलीच्या वरच्या फळीवर लाल गोळ्यांच्या तीन स्ट्रिप्स, धुराने काळ्या पडलेल्या, एकही गोळी फोडलेली नाही, आणि सून सातव्या महिन्यात. सासूबाई म्हणाल्या, ती खाल्ली की पोर पोटात मोठं होतं, मग बाळंतपण अडतं. आशाताई चिडल्या नाहीत, सुनेची खालची पापणी ओढून सासूलाच दाखवली, आतून पांढरीफटक.

तेव्हापासून डोक्यात होतं की ह्या गोळीचा मागचा प्रवास लिहायचा. गोळीत दोन गोष्टी, लोह आणि फॉलिक अॅसिड. फॉलिक अॅसिडची सुरुवात तर आपल्या मुंबईतली. १९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून इथे आल्या, गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांचं रक्त गरोदरपणात का आटतं ते शोधायला, परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत काम केलं आणि दिसलं की यीस्टपासून बनणारं स्वस्त मार्माईट दिलं की ह्या बायका सुधारतात. मार्माईटमधलं तेच गुणकारी द्रव्य पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं काढलं, त्याला फॉलिक अॅसिड नाव पडलं.

सरकारी गोळी आली १९७० मध्ये, ६० मिलिग्रॅम लोहाची. १९९१ ला योजनेचं नाव बदललं आणि गरोदर बायकांसाठी लोह १०० केलं, म्हणजे बायका गोळी खात नव्हत्या आणि आपण गोळी वाढवली, मला हे आजही पटत नाही. नंतर डोस परत ६० वर आला. २०१३ च्या सुमारास शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी सुरू झाली, २०१८ ला अॅनिमिया मुक्त भारत मोहीम, त्यात तपासणी, जंताची गोळी आणि लोकांशी बोलणं हेही आलं. तरी १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण महाराष्ट्रात २०१५-१६ च्या सर्व्हेत ४८ टक्के होतं ते २०१९-२१ मध्ये ५४ वर गेलं.

ह्या सगळ्यात बोलणं फार उशिरा आलं हो. शी काळी होते, मळमळतं, हे आधी कुणी सांगितलंच नाही तर बाई दुसऱ्या दिवशी गोळी बंद करणारच. चहाबरोबर घेतली तर लोह कमी अंगी लागतं, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतली तर जास्त लागतं, एवढं साधं. आणि ज्या कातकरी मुली दिवाळीनंतर आईबापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात त्यांची शाळा सुटते तशी निळी गोळीपण सुटते.

त्या दिवशी आशाताई तासभर बसल्या. निघताना सासूबाईंनी पदराने एक स्ट्रिप पुसली आणि हळूच विचारलं, "माझ्या धाकटीला पण देता येईल का ओ, तिला दर महिन्याला लई अंगावरून जातं."