मुक्या नायकाचा आवाज कोणाचा?

‘फॉलआउट ४’ या २०१५ सालच्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे खेळणाऱ्याने नायकाची भूमिका वठवायच्या व्हिडिओ गेममध्ये, समोरचे पात्र बोलून थांबले की पडद्यावर चार पर्याय उमटतात आणि कधीकधी त्यांतल्या एकावर नुसतेच ‘सारकॅस्टिक’ (उपरोधिक) असे लिहिलेले असते. बटण दाबल्यावर आपला नायक हलकासा चिमटा काढणार की समोरच्याचा पाणउतारा करणार, हे तो बोलल्यावरच कळते. त्याआधीच्या फॉलआउट खेळांतला नायक मुका होता. आपण पूर्ण वाक्य वाचून निवडायचे आणि ते मनातल्या मनात बोलायचे, अशी तिथली रीत होती.

मुक्या नायकाची परंपरा जुनी आहे. १९८६ साली जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ आला, तेव्हा तो ज्यात साठवलेला असे त्या कार्ट्रिजमध्ये माणसाचा आवाज साठवायला जागाच नव्हती. पुढे जागा झाली, तरी त्या मालिकेतला नायक बहुधा गप्पच राहिला. याचे कारण वाचनाच्या मानसशास्त्रात सापडते. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना मेंदूचे स्कॅनिंग चालू असताना छोट्या गोष्टी मूकपणे वाचायला दिल्या होत्या. ‘आई म्हणाली, “मी दमले”’ अशा धर्तीची थेट उक्ती वाचताना, ‘आईने आपण दमल्याचे सांगितले’ अशा वाक्यांच्या तुलनेत, श्रवणकेंद्रातील मानवी आवाजाला विशेष प्रतिसाद देणारे भाग अधिक सक्रिय झाले. कानावर काहीच पडत नसताना मेंदू आवाज घडवत होता. मुका नायक पडद्यावर गप्प असला, तरी खेळणाऱ्याच्या डोक्यात तो गप्प नसावा, असा तर्क यावरून करता येतो.

मग ध्वनिमुद्रित आवाजाने नेमके काय बिघडते? माझ्या मते दोष आवाजाचा कमी आणि अपेक्षाभंगाचा जास्त आहे. आपण एखादी कृती करतो तेव्हा मेंदू तिच्या परिणामाचा अंदाज आधीच बांधून ठेवतो आणि प्रत्यक्ष परिणाम त्याच्याशी जुळला की ‘हे मी केले’ ही जाणीव पक्की होते, असे कर्तृत्वभावनेविषयीचा एक प्रमुख सिद्धान्त सांगतो. दोन शब्दांचा पर्याय निवडावा आणि कानावर भलतेच वाक्य पडावे, म्हणजे ही जुळणी तुटलीच. ‘फॉलआउट ४’च्या खेळाडूंनी पूर्ण वाक्ये दाखवणारा मॉड (मूळ खेळात बदल करणारी जोड) स्वतःच तयार केला, तो उगाच नव्हे. उलट ‘मास इफेक्ट’ या खेळमालिकेतला नायक (किंवा नायिका) शेपर्ड २००७ पासून बोलतो आहे, पर्यायही त्रोटकच आहेत, आणि तरी मार्क मीअर व जेनिफर हेल यांचे आवाज चाहत्यांना प्रिय आहेत. तिथे आपण शेपर्ड ‘असत’ नाही, त्याला किंवा तिला दिग्दर्शन करत असतो.

खर्चाचा भाग वेगळाच. ‘फॉलआउट ४’च्या स्त्री आणि पुरुष नायकासाठी प्रत्येकी सुमारे १३,००० ओळी ध्वनिमुद्रित झाल्या. प्रत्येक नवा पर्याय म्हणजे स्टुडिओत दोनदा मुद्रण, आणि डबिंगच्या भाषांगणिक पुन्हा तेच. त्यामुळे लेखक हात आखडता घेतो आणि संवादाच्या फांद्या छाटल्या जातात. ‘फॉलआउट ४’ बनवणाऱ्या कंपनीच्याच ‘स्टारफील्ड’ या खेळामध्ये, २०२३ साली, नायक पुन्हा मुका झाला. त्याच वर्षीच्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये इतर पात्रे भरभरून बोलतात, मात्र आपण घडवलेले पात्र संवादांत मौन पाळते.

असा खेळ मराठीत लिहायचा झाला, तर मुक्या नायकाचीही पंचाईत होईल. इंग्रजीतले ‘मी’चे वाक्य स्त्रीपुरुष दोघांना चालते, आपल्याकडे ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांतून एक निवडावेच लागते, आणि समोरच्याला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, हेही तोंड उघडण्याआधी ठरवावे लागते.