एपिडॉरसचे नाट्यगृह

ग्रीसच्या पेलोपनीस द्वीपकल्पातील अर्गोलिस भागात, किनॉर्तिऑन टेकडीच्या उतारावर बसवलेले इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरचे दगडी नाट्यगृह. आजच्या ग्रीक उच्चारात गावाचे नाव ‘एपिदाव्रोस’. सुस्थितीतील ग्रीक नाट्यगृहांचा विषय निघाला की पहिले नाव याचेच येते. मात्र हे शहराचे नाट्यगृह नव्हते. शहर येथून काही किलोमीटरवर, समुद्रकाठी होते. हे उभे राहिले ते आरोग्यदेवता अस्क्लेपिऑसच्या तीर्थक्षेत्रात, म्हणजे रोग्यांच्या गर्दीत.

आज पाहायला जाणारा माणूस नेमका उलट्या बाजूने आत शिरतो. प्राचीन यात्रेकरू उत्तरेच्या महाद्वारातून येई. देऊळ, शयनगृह वगैरे ओलांडून तो दक्षिणेकडच्या नाट्यगृहाशी पोहोचे. आताचे प्रवेशद्वार नाट्यगृहाच्या बाजूला आहे. त्यामुळे पर्यटक आधी पायऱ्या चढतो, छायाचित्रे काढतो, मध्यभागी नाणे टाकून आवाज ऐकतो आणि पुष्कळदा तिथूनच परततो. खालचे अवशेष बहुतांशी जोत्यापुरतेच उरले असल्याने ते पाहायचा कंटाळा येतो, हे खरे. पण ते पाहिल्याशिवाय एवढे मोठे नाट्यगृह या आडरानात कशासाठी, हे कळत नाही.

अस्क्लेपिऑसचे देऊळ इ. स. पू. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातले. आत पारॉस बेटावरच्या थ्रासिमिदीस या शिल्पकाराने घडवलेली सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती होती. देवळाशेजारची लांब ओसरी म्हणजे आबातॉन, रोग्यांचे शयनगृह. शुचिर्भूत होऊन, देवाला अर्पण वाहून रोगी तेथे रात्री निजे. स्वप्नात देव येऊन उपचार करील किंवा उपाय सांगेल, अशी श्रद्धा होती. बऱ्या झालेल्यांच्या हकिकती शिलालेखांत कोरून ठेवल्या जात आणि त्यांतले काही शिलालेख आजही वाचता येतात. अथेन्सची एका डोळ्याने आंधळी अँब्रोसिया इतरांच्या हकिकती वाचून हसली. तिच्या स्वप्नात देव आला. बरी करतो, पण अज्ञानाची खूण म्हणून चांदीचे डुक्कर वाहा, असे त्याने बजावले. नवसाच्या बोलीत विनोदही असतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या लेखांची भाषा परकी वाटणार नाही. देवाचे सर्प येथे मोकळे वावरत. इ. स. पू. 293 च्या सुमारास रोगाच्या साथीने त्रासलेल्या रोमने येथे दूत पाठवले. ते नेऊ लागलेला सर्प टायबर नदीतल्या बेटावर उतरला आणि तेथे अस्क्लेपिऑसचे देऊळ झाले, अशी रोमन कथा आहे.

जवळच थोलॉस ही वर्तुळाकार वास्तू आहे. बाहेर साध्या डोरिक शैलीचे 26, आत पानांच्या नक्षीच्या कॉरिंथियन शैलीचे 14 स्तंभ आणि जमिनीखाली एकात एक अशा गोल भिंतींचा चक्रव्यूह. तो कशासाठी होता याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. सर्पांचे निवासस्थान हा एक तर्क. यात्रेकरूंसाठी 160 खोल्यांची दुमजली धर्मशाळा होती. शिवाय व्यायामशाळा आणि सुमारे 181 मीटर लांबीचे क्रीडांगण होते. देवाच्या नावाने दर चार वर्षांनी उत्सव भरे. त्यात शर्यती होत, गायन-वादनाच्या स्पर्धाही होत. नाट्यगृहाला प्रेक्षक मिळत ते या जत्रेतून.

इ. स. दुसऱ्या शतकातल्या पॉसेनियस या प्रवासवर्णनकाराच्या मते रोमनांची नाट्यगृहे अधिक सजलेली आणि मेगालोपोलिस या ग्रीक शहराचे अधिक मोठे. पण प्रमाणबद्धतेत आणि सौंदर्यात या रचनाकाराची बरोबरी कोण करणार? रचनाकाराचे नाव तो पॉलिक्लायतॉस असे देतो. हा त्या नावाचा विख्यात शिल्पकार नव्हे, तो एक शतक आधीचा. त्यामुळे ‘धाकटा पॉलिक्लायतॉस’ असे म्हणण्याची पद्धत आहे.

पायऱ्यांसारख्या आसनांच्या एकूण 55 रांगा आहेत : आडव्या वाटेखाली 34, वर 21. वरचा भाग नंतर जोडला, असे अनेक अभ्यासक मानतात. हे तिन्ही आकडे फिबोनाची मालिकेतले, म्हणजे प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असलेल्या मालिकेतले, असल्याने त्यावर शेजारच्या संख्यांच्या गुणोत्तरातून येणाऱ्या सुवर्णप्रमाणाची बरीच चर्चा होते. बांधणाऱ्यांच्या मनात ते होते, असे सांगणारा पुरावा मात्र नाही. प्रेक्षकसंख्या 13 ते 14 हजार धरतात. खरी करामत साध्या डोळ्याला दिसत नाही. मधल्या विभागांची वळणे एका केंद्रावरून काढली आहेत, तर दोन्ही टोकांच्या विभागांना थोडी मोठी त्रिज्या दिली आहे. त्यामुळे कडा किंचित बाहेर उघडतात आणि कडेच्या प्रेक्षकालाही खालचे नीट दिसते. खाली सुमारे 20 मीटर व्यासाचे पूर्ण वर्तुळ आहे, तेच ‘ऑर्केस्ट्रा’. ग्रीकात या शब्दाचा अर्थ नाचण्याची जागा. वाद्यवृंदाला हे नाव पुष्कळ नंतर चिकटले. नाटकातल्या गायक-नर्तकांच्या वृंदाचे नृत्य-गायन येथे चाले. अनेक ग्रीक नाट्यगृहांत रोमनांनी हे वर्तुळ कापले. येथे ते अखंड राहिले.

आसने टिकली ती टेकडीच्या आधारामुळे. उतारावर पहुडलेल्या दगडांवर माती साचत गेली आणि ते झाकले गेले. मोकळी उभी असलेली रंगपीठामागची इमारत, म्हणजे ‘स्केने’, मात्र कोसळली. तिचा पायाच काय तो उरला. पानायिस कावादियास या ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी 1881 पासून येथे उत्खनन केले. दोन्ही बाजूंची दगडी प्रवेशद्वारे पुढे पुन्हा उभारण्यात आली. 1988 मध्ये या क्षेत्राचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

ध्वनीविषयी दंतकथा अधिक. टाचणी पडली तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते, असे मार्गदर्शक हमखास सांगतात. 2007 मधील जॉर्जिया टेक या अमेरिकन विद्यापीठाच्या अभ्यासानुसार चुनखडीच्या पायऱ्यांची रचना कमी कंप्रतेचे ध्वनी, म्हणजे मुख्यतः गर्दीची कुजबूज आणि वाऱ्याचा घोंघाट, दाबते आणि बोलण्यातले वरचे स्वर पोहोचू देते. 2017 मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोवेनच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमापे घेतली. नाण्याचा आवाज वरपर्यंत जातो, पण तो नाण्याचा आहे हे साधारण निम्म्या रांगांपर्यंतच ओळखता येते. कुजबूज तर पुढच्या रांगांपुरतीच. नटाने आवाज लावला तर मात्र शब्द अगदी मागेही कळतात. नाटकाला तेवढेच हवे असते.

आधुनिक काळात येथे पहिला प्रयोग 1938 मध्ये झाला, प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘इलेक्ट्रा’चा. 1950 च्या दशकापासून दर उन्हाळ्यात नाट्योत्सव भरतो. ऑपेरागायिका मारिया कॅलासने 1960 मध्ये ‘नॉर्मा’ आणि 1961 मध्ये ‘मेदेआ’ हे ऑपेरा येथे गायले. प्रयोग रात्री होतात, कारण उन्हाळ्यात दुपारी ही आसने तापलेल्या तव्यासारखी होतात. अवशेष पाहायचे तर सकाळची वेळ बरी. अथेन्सहून मोटारीने साधारण दोन तास लागतात. मुक्कामाला नाफ्प्लिओ हे बंदराचे गाव जवळ पडते. वाटेतले छोटे संग्रहालय चुकवू नये : थोलॉसचे कोरीव कॉरिंथियन स्तंभशीर्ष आणि रोगमुक्तीचे शिलालेख तेथे आहेत.

समुद्रकाठच्या जुन्या शहरात आणखी एक लहान नाट्यगृह आहे. ते विसाव्या शतकात जमिनीखालून बाहेर काढले गेले. त्याच्या आसनांवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत, आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर असतात तशीच.