पवनऊर्जा प्रकल्प आंतरराज्य पारेषण जाळ्याला जोडण्यासाठी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

पवनऊर्जा प्रकल्पाची वीज आंतरराज्य पारेषण जाळ्यात सोडायची असेल, तर जोडणीचा अर्ज सेंट्रल ट्रान्समिशन युटिलिटी ऑफ इंडिया लिमिटेड, म्हणजे सीटीयूआयएल, या मध्यवर्ती संस्थेकडे करावा लागतो. त्याचा आधार केंद्रीय विद्युत नियामक आयोगाचे 2022 चे जोडणी व जनरल नेटवर्क अ‍ॅक्सेस (जाळ्यातून वीज वाहून नेण्याचा हक्क) यांविषयीचे विनियम हा आहे. पूर्वीच्या 2009 च्या व्यवस्थेत जोडणी एकीकडे आणि वीज वाहून नेण्याचा दीर्घकालीन हक्क दुसरीकडे, असे दोन अर्ज करावे लागत. आता जोडणी मिळालेल्या उत्पादकाला तितक्याच क्षमतेचा वहनहक्कही मिळाल्याचे मानले जाते. 1 ऑक्टोबर 2023 पासून ही व्यवस्था पूर्णपणे लागू आहे. विनियमांत अधूनमधून दुरुस्त्या होत असल्यामुळे अर्ज भरण्याच्या आठवड्यात त्यांचा ताजा मजकूर एकदा वाचून घ्यावा.

स्थापित क्षमता 50 मेगावॉट किंवा त्याहून अधिक असलेला पवनऊर्जा प्रकल्प पात्र असतो. एकट्याची क्षमता तेवढी नसेल, तर अनेक उत्पादक एकत्र येऊन त्यांच्यापैकी एका प्रमुख उत्पादकामार्फत अर्ज करू शकतात. जोडणी आधीच मिळालेल्या एखाद्या वीजकेंद्राच्या यंत्रणेतूनच वीज बाहेर न्यायची असेल, तर 5 मेगावॉटपासूनच्या प्रकल्पालाही वाट खुली आहे. या चौकटीत न बसणाऱ्या लहान प्रकल्पांनी राज्याच्या जाळ्याचा विचार करावा; महाराष्ट्रात व्होल्टेजची पातळी पाहून महापारेषण किंवा महावितरण यांच्याकडे जावे लागते.

कंपनीची नोंदणी, संचालक मंडळाचा ठराव, अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचे पत्र आणि प्रकल्पस्थळाचे अक्षांश-रेखांश ही कागदपत्रे सहसा अडवत नाहीत. प्रकल्प खरोखर उभा राहणार आहे हे दाखवणारा पुरावा मात्र काळजीपूर्वक जमवावा लागतो, आणि त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे निविदेतून मिळालेले लेटर ऑफ अवॉर्ड (निवड झाल्याचे पत्र) किंवा झालेला वीजखरेदी करार. दुसरा मार्ग म्हणजे लागणाऱ्या जमिनीपैकी किमान 50 टक्के जमिनीची मालकी, भाडेपट्टा किंवा वापरहक्क सिद्ध करणारे दस्त. तिसरा मार्ग, म्हणजे जमिनीच्या दस्तांऐवजी दर मेगावॉटला 10 लाख रुपयांची बँक हमी, 2023 च्या पहिल्या दुरुस्तीने खुला झाला. तो निवडला तरी जमिनीचे दस्त पुढे ठरलेल्या मुदतीत द्यावेच लागतात.

दुसऱ्या मार्गात सर्वाधिक घोळ होतो, असे माझे मत आहे. पवनचक्क्या एका सलग तुकड्यावर नसतात. एका पवनचक्कीचा मनोरा एका गटात, दुसरा टेकडीपलीकडच्या दुसऱ्या गटात, आणि मधल्या वाटेचे मालक वेगळेच. सातबारा उतारा जोडला की काम झाले, असे अनेकांना वाटते, परंतु उताऱ्यावर जमीनमालकाचे नाव असते, अर्जदार कंपनीचे नव्हे. कंपनीचा हक्क दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या भाडेपट्ट्यातूनच दिसतो. त्या दस्तातील गट क्रमांक, क्षेत्र आणि कंपनीचे नाव अर्जातील तपशिलाशी अक्षरशः जुळते का, हे दाखल करण्यापूर्वी एकेका पानावर बोट ठेवून पाहावे.

अर्ज ऑनलाइन भरायचा असून त्याचे शुल्क 5 लाख रुपये अधिक जीएसटी आहे. तत्त्वतः मंजुरीचे पत्र आल्यावर एका महिन्याच्या आत बँक हम्या द्याव्या लागतात. पहिली हमी 50 लाख रुपयांची असते. उपलब्ध यंत्रणेतच जागा असेल, तर तिच्या जोडीला दर मेगावॉटला 2 लाखांची हमी लागते. नवे बे (उपकेंद्रात वाहिनी जोडण्याची जागा) किंवा नवी पारेषण यंत्रणा उभारावी लागणार असेल, तर त्यांच्यासाठी निराळी हमी द्यावी लागते. 100 मेगावॉटचा अर्जदार जमिनीऐवजी हमी देणार असेल आणि उपकेंद्रात जागा असेल, तर त्याच्या हम्यांची बेरीज साडेबारा कोटींवर जाते. बँकेला वेळ लागतो, म्हणून मसुदा आधीच मंजूर करून ठेवणे शहाणपणाचे ठरते. हम्या पोहोचल्यावर अंतिम मंजुरी मिळते आणि त्यानंतर जोडणी करार होतो.

तांत्रिक भाग केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2007 च्या जोडणीविषयक मानकांवर आणि 2013 व 2019 च्या दुरुस्त्यांवर तपासला जातो. त्यामागचे कारण समजले, तर मागितलेले अहवाल जाचक वाटत नाहीत. वाहिनीवर वीज कोसळली की आसपासचे व्होल्टेज क्षणभर खाली बसते. त्या क्षणी परिसरातल्या सगळ्या पवनचक्क्या एकदम सुटल्या, तर दोष दूर झाल्यावरही जाळ्याला शेकडो मेगावॉटची खोट सोसावी लागेल. म्हणून व्होल्टेज नेहमीच्या पातळीच्या 15 टक्क्यांवर आले तरी 300 मिलिसेकंद यंत्राने जोडलेले राहिलेच पाहिजे, असा दंडक आहे. व्होल्टेज अचानक वाढले तरी ठराविक काळ टिकून राहणे, गरजेनुसार रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (व्होल्टेज सावरणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज) देणे-घेणे आणि हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतील विकृती) मर्यादेत ठेवणे हेही बंधनकारक आहे. हे सारे संगणकीय मॉडेलवर दाखवावे लागते. ते मॉडेल प्रत्यक्ष बसवायच्या यंत्राचेच असावे. निर्मात्याने पाठवलेले जुन्या आवृत्तीचे मॉडेल पुढे केल्यास प्रत्यक्ष यंत्राचे वर्तन आणि अहवाल यांचा मेळ बसत नाही.

उभारणी झाल्यावर प्रादेशिक भारप्रेषण केंद्राकडे पहिल्यांदा वीजभारित करण्याची परवानगी मागावी लागते. पश्चिम विभागासाठी हे केंद्र मुंबईत आहे. मीटर, दूरमापन आणि संरक्षण यंत्रणा चालू स्थितीत ठेवून वारा असताना एकूण किमान 4 तासांची चाचणी यशस्वी झाली, की व्यावसायिक उत्पादनाची घोषणा करता येते. चाचणीची पूर्वसूचना वाऱ्याचा अंदाज पाहूनच द्यावी, कारण हवा पडलेल्या दिवशी हे 4 तास भरत नाहीत. त्यानंतर दिवसाच्या 15 मिनिटांच्या 96 कालखंडांसाठी उत्पादनाचा अंदाज रोज कळवावा लागतो, आणि प्रत्यक्ष वीज त्याहून कमी-जास्त झाली तर विचलनाचा हिशोब प्रकल्पाच्या खात्यावर पडतो.