क्रूझर बाइक मागून खाली बसवायचीय? आधी आरटीओचे नियम, पात्रता आणि कागदपत्रं समजून घ्या

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गॅरेजवर जाऊन ‘गाडीवर पाय टेकत नाहीत’ म्हणा. उत्तर ठरलेलं असतं: ‘टेन्शन नही भाऊ, मागचे शॉकअप लहान टाकून देतो.’ काम तासाभराचं. पण त्या तासाभरात गाडीच्या कागदाचं काय होतं, हे गॅरेजवर कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

माझ्या धाकट्या बहिणीची रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५०. सीटची उंची ७६५ मिलिमीटर, म्हणजे क्रूझरमध्ये मध्यमच. पण तिची स्वतःची उंची पाच फूट. तिने न विचारता आखूड शॉकअप बसवून घेतले. आठ दिवस खूश होती. मग पाऊस झाला, अंगणातली काळी माती भिजली आणि सकाळी गाडी उजव्या अंगावर पडलेली दिसली. कारण साधं होतं. साइड स्टँड मूळ उंचीला बेतलेला असतो. मागचा भाग खाली आला, स्टँड तेवढाच राहिला. गाडी कलायची ती जवळपास सरळ उभी राहिली, आणि जमीन जरा दबताच उलट्या बाजूला गेली. टाकीला पोचा पडला, ब्रेकचा लिव्हर तुटला.

बाकीचे परिणाम हळूहळू कळतात. शॉकअप चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवर, तिरका बसतो, म्हणून तो जेवढा आखूड होतो त्यापेक्षा मागचं चाक आणि मडगार्ड यांतलं अंतर जास्त कमी होतं. मागे माणूस बसवून गतिरोधक ओलांडला की टायर मडगार्डला घासतो. पुढचा भाग तुलनेने उचलला जातो, हँडल जड लागतं. हेडलाइटही वर उठतो. रात्री धुळे रस्त्यावर समोरच्याच्या थेट डोळ्यात. कन्नड घाटात किंवा तोरणमाळच्या वळणांवर गाडी कलवली की फुटरेस्ट आणि सायलेन्सर लवकर टेकतात. चेनचा ताणही पुन्हा लावावा लागतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ‘बदल’ म्हणजे काय तेही तिथेच दिलंय: गाडीच्या रचनेत असा फरक, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेशी विसंगत बदलांना थारा नाही, असंच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात मालकाने केलेल्या बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

आता शॉकअपची लांबी आरसीवर छापलेली नसते. म्हणून बरेच जण म्हणतात, ‘मग कुणाला कळणार?’ खराब शॉकअप काढून त्याच मापाचा, त्याच मॉडेलसाठी बनवलेला बसवला तर ती दुरुस्ती; तिला अर्ज लागत नाही. पण चिमट्यावर नवा पट्टा वेल्ड करून शॉकअपची जागा सरकवणं, स्प्रिंग कापणं किंवा फ्रेमला हात लावणं हे सरळ रचनेतले बदल. माझं स्पष्ट मत आहे: वेल्डिंगचं काम कुणी फुकट करून देत असेल तरी घेऊ नका. ते कागदावरही टिकत नाही आणि रस्त्यावरही.

अर्ज कोणाला करता येतो

इथे दोन माणसं वेगळी ठेवा. नुसती उंची कमी आहे, पाय टेकत नाहीत, अशा चालवणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी सवलत नाही. त्यांनी कंपनीच्या मापात राहूनच उपाय करावा.

ज्यांना शारीरिक दोष किंवा अपंगत्व आहे त्यांच्यासाठी मात्र कलम ५२ मध्येच वाट आहे. आपल्या मालकीच्या गाडीत गरजेनुसार बदल करून ती ‘अनुकूलित वाहन’ करता येते आणि नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची, मान्यता घेता येते. अट अशी की गाडी त्या व्यक्तीने किंवा फक्त तिच्यासाठीच वापरायची. हा कुणाचा उपकार नाही, कायद्याने दिलेली सोय आहे, आणि आपल्याकडे ती फार थोड्यांना ठाऊक आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझा आतेभाऊ चोपड्याचा. लहानपणीच्या पोलिओमुळे त्याचा उजवा पाय दीड इंच आखूड आहे. त्याने कित्येक वर्षं गाडी उभी करायला ओट्याची नाहीतर दगडाची कड शोधली.

अर्ज तुम्ही राहता त्या भागाच्या कार्यालयात करायचा: धुळे एमएच १८, जळगाव एमएच १९, नंदुरबार एमएच ३९. तुम्ही पुण्यात नोकरीला असताना गाडी एमएच १२ वर घेतलेली असेल तरी राहत्या जागेचंच कार्यालय नोंद करून मूळ कार्यालयाला कळवतं. मात्र आरसीवरचा पत्ता जुना असेल तर आधी पत्ताबदल उरकून घ्या. त्याची मुदत तसंही ३० दिवसांचीच असते.

फाइलमध्ये काय लावायचं

मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार आणि पत्त्याचा पुरावा हे तर आलंच. त्यासोबत अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र. ते नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. यात वेळ जातो, म्हणून सुरुवात इथूनच करा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती हवी. चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा आणि बदलाच्या आधीचे व नंतरचे फोटो जोडले की तपासणी सोपी जाते.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते बिलाकडे. आतेभावाची फाइल एकदा परत आली, कारण गॅरेजच्या बिलावर नुसतं ‘शॉकअप २ नग’ लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी गाडीचा नंबर, चेसिस नंबर, शॉकअपची कंपनी व भाग क्रमांक, जुनी आणि नवी लांबी, आणि स्टँड किती कमी केला तेही लिहून, सही-शिक्क्यानिशी बिल घेतलं. मग प्रश्न आला नाही.

बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवायचं असतं. मान्यता नंतर घेता येत असली तरी मी सांगेन, पैसे घालायच्या आधीच मोटार वाहन निरीक्षकाला भेटा, शॉकअपचा तपशील दाखवा आणि विचारा. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडी क्रमांक टाकून भरता येतो. फी तिथेच दिसते. पावती छापून ठेवा. तपासणीला गाडी न्यावीच लागते. तालुक्याला भरणाऱ्या आरटीओ कॅम्पवर भरवसा न ठेवता मुख्य कार्यालयाची तयारी ठेवा. जाण्याआधी साइड स्टँड, हेडलाइटचा कोन, चेन आणि मडगार्डचं अंतर मागे माणूस बसवून तपासा.

लायसन्स विसरू नका. गाडी अनुकूलित झाली की लायसन्सवरही तो वर्ग लागतो. सारथी पोर्टलवर अर्ज करून फॉर्म १-ए मधलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा; चाचणी त्याच गाडीवर द्या.

विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट ‘इंडिया मोटर टॅरिफ’ या मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात होती, तीही आरसीवर नोंद असेल तरच; आता किती मिळते ते कंपनीलाच विचारा.

ज्यांना अर्जाची वाट नाही त्यांनी

बहिणीच्या गाडीला मूळ शॉकअप परत लावले. स्प्रिंगच्या सहा टप्प्यांतला सगळ्यात नरम टप्पा पान्याने लावला. आधी तो मागच्या माणसाच्या वजनासाठी वर चढवलेला होता. मग सीटवाल्याकडे बसून फोम कमी केला, पण वरून थोडाच. खरा फरक पडला तो सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी अरुंद केल्याने, कारण मांड्या फाकत नाहीत आणि पाय सरळ खाली जातो. जाड तळव्याचे बूट घेतले. दोन्ही पायांचे चवडे आता नीट टेकतात, आणि यातल्या कशालाही आरटीओत जावं लागलं नाही.

आतेभावाची नवी आरसी आली तेव्हा त्याने काउंटरवरच ‘अनुकूलित’ ही नोंद, चेसिस नंबर आणि नाव एकेक अक्षर वाचून पाहिलं. तुम्हीही पाहा, आणि चूक असेल तर तिथून हलायच्या आधी लेखी दुरुस्ती मागा.