हाताला लागत नाहीये, मग झोपू का?

दिवाळीला दहा दिवस असताना मावसबहिणीचा फोन आला. सिंहगड रोडला फ्लॅट आहे त्यांचा, रंगकाम काढलेलं, बेडरूम झालेली आणि हॉल बाकी. "दादा, भिंतीला हात लावून बघितला, काही लागत नाहीये, आज बेडरूममधे झोपलो तर चालेल ना?" घरात सात महिन्यांचं बाळ. वर त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी सांगितलेलं की कांद्याच्या फोडी चार कोपऱ्यात ठेवा, रंगातलं सगळं विष कांदा ओढून घेतो आणि सकाळी काळा पडतो. मी म्हणलं कांदा भाजीत घाल आणि तू बाळाला घेऊन कोथरूडला मावशीकडे जा, का ते लिहून पाठवतो. ते लिहिता लिहिता एवढं लांबलं.

पहिला घोटाळा "सुकला" या शब्दात आहे. टॉवेल सुकतो म्हणजे पाणी उडून जातं, बास. चुना लावलेली भिंत सुकते तेव्हा पाणी तर जातंच, पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होत जातो, म्हणजे तिथे भिंतच हवेतून काहीतरी घेत असते. आजीच्या वाड्यात सकाळी चुना मारून रात्री त्याच खोलीत सगळे झोपायचे आणि कुणाला काही व्हायचं नाही, त्याचं कारण हे आहे, जुन्या लोकांच्या तब्येती वगैरे नाही.

ऑईल पेंटचं, म्हणजे दारं, चौकटी, ग्रीलला लावतात त्या इनॅमलचं काम दोन टप्प्यात चालतं. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडतं. ते पेट्रोलियमपासूनच केलेलं असतं, साधारण १५० ते २०० अंशाला उकळतं, पण उडायला उकळावं लागत नाही (दोरीवरचे कपडे कुठे उकळतात?). यातला बराचसा भाग पहिल्या दिवसभरात निघून जातो, डोकं धरतं, मळमळतं, डोळे चुरचुरतात ते यानेच. सगळ्यांना माहीत असलेला रंगाचा वास तो हाच.

पण मला खरं आवडतं ते यानंतरचं. टर्पेंटाइन गेल्यावर मागे जे राहतं ते मुळात तेल असतं. इनॅमलचं रेझिन, त्याला अल्कीड म्हणतात, सोयाबीन किंवा जवस असल्या तेलांपासून बनवतात. जवसाची चटणी करून ठेवली की काही दिवसात खवट का लागते आणि खोबरेल तेल मात्र महिनोन्महिने चांगलं का राहतं? जवसाच्या तेलात अर्ध्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं, १८ कार्बनची साखळी आणि तिच्यात तीन ठिकाणी दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मधे जो कार्बन अडकलेला असतो त्याचे हायड्रोजन फार सैल धरलेले असतात, एखादा निसटला की त्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि पेरॉक्साइड तयार होतं. ते अस्थिर, लगेच फुटतं, फुटून जे तुकडे होतात ते शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतात, मग तिच्यावर ऑक्सिजन, असं एकाचं दुसऱ्याला लागत जातं. आणि मधेच दोन जखमी साखळ्या एकमेकींना कायमच्या चिकटतात. अशा लाखो गाठी पडल्या की पातळ तेलाचं जाळं होतं, कडक आणि चकचकीत. साखळ्या, पेरॉक्साइड, बंध यात कुणी हरवलं असेल तर गॅसच्या शेगडीमागची टाइल आठवा, तिथला तो पिवळा चिकट थर जो साबणाने निघत नाही आणि शेवटी सुरीने खरवडावा लागतो, तो म्हणजे फोडणीच्या तेलाने स्वतःहून केलेलं ऑईल पेंटच आहे. पेंटमधे हेच लवकर व्हावं म्हणून कोबाल्टसारख्या धातूचे क्षार घालतात, त्याला ड्रायर म्हणतात. उघड्या डब्यावर दुधासारखी साय धरते तीही यामुळेच.

म्हणजे बघा, तेल सुकताना हलकं होत नाही, उलट ऑक्सिजन घेऊन जड होतं! निव्वळ जवसाच्या तेलाचा पातळ थर सुकताना दहा टक्क्यांहून जास्त वजन धरतो.

आता मुद्द्याची गोष्ट. साखळ्या फुटतात तेव्हा सगळेच तुकडे जाळ्यात अडकत नाहीत, छोटे तुकडे हवेत सुटतात. सहा कार्बनचा हेक्झॅनाल, तीन कार्बनचा प्रोपॅनाल, असे अल्डिहाइड. खवट शेंगदाण्याचा जो वास असतो त्यात हेक्झॅनाल असतो. म्हणून चार-पाच दिवसांनी दाराजवळ नाक नेलं की टर्पेंटाइनचा नाही तर जरा वेगळा, तेलकट, जुनाट वास येतो. हाताला काही लागत नसतं तेव्हाही आतलं काम चालूच असतं, आणि नाकाला घशाला चुरचुरणाऱ्या या गोष्टी डब्यात नव्हत्याच, तुमच्या बेडरूममधे तयार झाल्या.

भिंतीच्या इमल्शनचं वेगळं. त्यात पाणी आणि प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण असतात, पाणी उडालं की कण एकमेकांना टेकतात, पण टेकले म्हणजे जोडले असं नाही, जोडायला ते थोडे मऊ व्हावे लागतात. त्यासाठी मऊ करणारा एक द्रव घालतात आणि तो काम झालं की सावकाश, कित्येक आठवडे भिंतीतून निघत राहतो. गंमत अशी की यातला सगळ्यात वापरातला द्रव साधारण २५४ अंशाला उकळतो आणि युरोपच्या नियमात व्हीओसी (हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) म्हणजे २५० अंशाला किंवा त्याखाली उकळणारा पदार्थ. चार अंशांनी सुटला. त्यामुळे डब्यावर "झीरो व्हीओसी" लिहिलेलं खोटं नसतं, पण त्याचा अर्थ "भिंतीतून काहीच येत नाही" असा घ्यायचा नाही. शिवाय दुकानात मशिनवर शेड मिसळतात त्या रंगद्रव्यात ग्लायकोल असू शकतं, ते त्या झीरोत धरलेलं असेलच असं नाही. आणि "वास नाही" म्हणजे तर काहीच नाही, सुगंध घालूनही वास झाकता येतो.

तरी भिंतींना मी फार घाबरत नाही. १२ बाय १० ची खोली, दहा फूट उंच, म्हणजे ३४ घनमीटर हवा. भिंतींना रंगाचे दोन हात मारायला चार लिटर इमल्शन धरा. युरोपात साध्या मॅट इमल्शनला २०१० पासून लिटरमागे ३० ग्रॅम व्हीओसीची मर्यादा आहे, त्या हिशोबाने जास्तीत जास्त १२० ग्रॅम. आता त्याच खोलीचं एक दार आणि चौकट, अर्धा लिटर ऑईल पेंट, त्यात लिटरला चारशेच्या आसपास ग्रॅम, म्हणजे दोनशे, आणि पेंटरने पातळ करायला वरून टर्पेंटाइन ओतलं ते वेगळंच. चार भिंतींपेक्षा एक दार जड! दार बिजागरीतून काढून गच्चीत रंगवता येतं, कुणी विचारतच नाही. (नवीन फर्निचरला मेलामाइन पॉलिश केलं असेल तर त्यातून फॉर्माल्डिहाइड येतो, तो याहून वाईट, ती खोली बाळासाठी बरेच दिवस विसराच.)

झोपायचा प्रश्न वेगळा का, तर पुण्यात ऑक्टोबरच्या शेवटी रात्री गार पडतं, डासही असतात, आपण खिडक्या लावून आठ तास तीच हवा घेतो. आणि नाक झोपेत पहारा देत नाही. ब्राऊन विद्यापीठात २००४ साली झोपलेल्या लोकांवर पायरिडीनसारखा घाण वास सोडून बघितला होता, गाढ झोपेतले उठले नाहीत, आवाजाने मात्र उठले.

कांद्याचं एवढंच की त्याचा स्वतःचा गंधकाचा वास इतका जोरात असतो की बाकीचा कळत नाही, आणि कापलेला कांदा ओट्यावर ठेवला तरी रात्रीतून रंग बदलतोच. कुंड्यांचंही तसंच, २०१९ च्या एका आढाव्यात हिशोब निघाला की इमारतीत हवा खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. अगरबत्ती, धूप लावून तर आपण धूर वाढवतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि पंखा, कपाटाची दारं उघडी, गादी-पडदे बाहेर, एवढंच खरं काम करतं. माझा अंदाज विचाराल तर नुसतं इमल्शन असेल तर दोन-तीन दिवस, ऑईल पेंट असेल तर आठवडा, आणि बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा माणूस असेल तर त्याहून थोडं जास्तच.

बहीण कोथरूडला गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता किल्ली द्यायला मी फ्लॅटवर गेलो, तर हॉलमधे पेंटर आणि त्याचा पोऱ्या वर्तमानपत्रं अंथरून झोपलेले, खिडक्या बंद, कोपऱ्यात डासांची कॉइल जळून राख झालेली आणि डोक्याशी आदल्या संध्याकाळी रंगवलेली दोन दारं भिंतीला टेकवून ठेवलेली. मला दारातूनच खोकला आला. खिडकी उघडत मी विचारलं की वास नाही का येत, तर तो उठून बसत म्हणाला, "कसला वास साहेब?"